फिजिओथेरपीचा पहिला दिवस: शेक नंतर, आधी मोजमाप

मध्यंतरी एक काकू आल्या. वय ५८. दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "मॅडम, मशीन कुठल्या खोलीत आहे?" उजवा खांदा चार महिने धरलेला. शेजारणीने सांगितलं होतं, दहा दिवस शेक घे, मोकळा होईल. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं नुसते प्रश्न विचारत राहिले. सोबत आलेल्या काकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी ते म्हणालेच, "मॅडम, ते सगळं फायलीत आहे. तुम्ही ट्रीटमेंट सुरू करा ना."

हे वाक्य मी जवळपास रोज ऐकते, आणि त्यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही. आम्ही आत काय करतो हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपी बातम्यांत आली ती एका वादामुळे. फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. दवाखान्याच्या पाटीवर काय असावं यावर पुष्कळ बोलणं झालं. पाटीखालून आत आलेल्या माणसाचं काय होतं, ते राहूनच गेलं. म्हणून ते सांगते, आणि उदाहरण काकूंच्या खांद्याचंच घेते. त्यांना विचारून घेतलं आहे.

मालिश नाही, हाड बसवणंही नाही

फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. शरीराची हरवलेली हालचाल आणि ताकद परत मिळवून देणं हे तिचं काम. त्यासाठी मुख्य हत्यार व्यायाम, त्याच्या जोडीला हातांनी सांधे आणि स्नायू मोकळे करण्याच्या पद्धती, आणि गरज असेल तर शेक, बर्फ किंवा विजेचा सौम्य प्रवाह. भारतात हे शिकवणारं पहिलं विद्यालय १९५३ साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झालं, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. पांगळ्या झालेल्या मुलांना पुन्हा उभं करणं हीच तेव्हाची निकड होती. आज गुडघे-कंबर-खांदे तर आहेतच, पण लकव्याचे रुग्ण, बायपास झालेले, बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायका, आयसीयूत कफ सुटत नसलेले रुग्ण, हे सगळे आमच्याकडेच येतात.

डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जरूर आणा. नसेल तरी बऱ्याच ठिकाणी तपासणी होते, आणि शंका आली तर आम्हीच तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवतो. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि झालेल्या ऑपरेशनचे कागद मात्र बरोबर असू द्या. "पांढरी गोळी, बारीक, सकाळची" यावरून आम्हाला काही कळत नाही.

इतके प्रश्न कशासाठी?

शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी माप घेतो. "मागच्या वर्षी याच मापाचा सदरा शिवला होता" म्हटलं तरी टेप काढतोच. आमच्या प्रश्नांचं तसंच आहे. फायलीत 'उजवा खांदा दुखणे' एवढं लिहिलेलं असतं. खांदा दुखण्याची कारणं मात्र अनेक आहेत. मानेतली दबलेली नस खांद्यात दुखू शकते, फाटलेला स्नायू दुखू शकतो, आणि डाव्या खांद्यात तर हृदयसुद्धा दुखू शकतं. कशाला काय लागू पडेल हे ठरतं ते गोष्टीतल्या बारकाव्यांवरून.

म्हणून विचारते: कधीपासून? पडलात का, की हळूहळू सुरू झालं? सकाळी जास्त की रात्री? काय केलं की वाढतं, काय केलं की बरं वाटतं? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती? घरात जमिनीवर बसता का? संडास भारतीय पद्धतीचा आहे का? पाणी कितव्या मजल्यावर चढवावं लागतं? हे शेवटचे प्रश्न ऐकून लोकांना नवल वाटतं. पण ज्या बाईला रोज मांडी घालून भाकऱ्या थापायच्या आहेत तिचा गुडघा, आणि ज्याला दिवसभर खुर्चीत बसायचं आहे त्याचा गुडघा, या दोघांचं उद्दिष्ट एक कसं असेल?

काकूंना विचारलं, "सगळ्यात जास्त काय अडतं?" काका म्हणाले, "तसं फार काही नाही, हात जरा वर जात नाही." मी काकूंकडे बघत राहिले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ब्लाऊजची हुकं लावता येत नाहीत. सून लावून देते. अंबाडा घालता येत नाही. आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. चार महिने सलग झोप नाही." काका त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

माझी कळकळीची विनंती आहे, सोबत जरूर या, पण आपल्या माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या. विशेषतः घरातल्या बाईला. ती दुखणं अंगावर काढते आणि विचारलं तर 'थोडंसं' म्हणते. त्या 'थोडंसं'च्या आत काय आहे हे काढायलाच पहिली वीस मिनिटं लागतात.

थांबायला लावणारी उत्तरं

काही प्रश्न वेगळ्या कारणासाठी असतात. आमच्या भाषेत त्यांना रेड फ्लॅग म्हणतात, म्हणजे अशी लक्षणं, जी दिसली की व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पाय लुळे पडत जाणं: यात तास मोजायचे असतात, दिवस नाहीत. कारण नसताना वजन उतरणं, ताप, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, एकाच पोटरीवर अचानक आलेली सूज, लाल आणि गरम झालेला सांधा, हेही सांगायलाच हवं. आणि डावा खांदा किंवा हात दुखताना छातीवर दडपण, घाम, धाप असेल तर आमच्याकडे येऊच नका, थेट इस्पितळात जा.

म्हणून पहिल्या दिवशी "याचा खांद्याशी काय संबंध?" असं वाटलं तरी उत्तर द्या. काकूंना मी साखरेबद्दल विचारलं. मधुमेह दहा वर्षं. तीन महिन्यांची साखर शेवटची कधी तपासली ते आठवत नव्हतं. संबंध होता, आणि घट्ट होता.

मोजायचं काय आणि कसं?

मग हात लावून तपासणी. आधी नुसतं बघणं: दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, स्नायू कुठे बारीक झालाय का, साडीचा पदर सावरताना मान कशी वाकते. मग हालचाल. आधी काकूंनी स्वतः हात वर उचलला. कसाबसा कानाच्या खाली थांबला, आणि थांबण्याआधी अख्खा खांदा कानाकडे सरकला. सांधा हलत नाही तेव्हा शरीर अशी पळवाट शोधतं. मग त्यांना आडवं झोपवून, हात सैल सोडायला सांगून तोच हात मी उचलला. तरी तिथेच थांबला.

या एका फरकावर बरंच काही अवलंबून असतं. रुग्णाला हात उचलता येत नाही पण मी उचलला तर जातो, असं असेल तर सांधा मोकळा आहे. दोष उचलणाऱ्या स्नायूत किंवा नसेत असू शकतो. मी उचलूनही जात नसेल तर सांधाच आवळलाय. दार उघडत नसेल तर ढकलणाऱ्याच्या अंगात जोर नाही की पावसाने दार फुगलंय, हे आधी कळायला नको का?

त्यानंतर कोपर कुशीला टेकवून, नव्वद अंशात वाकवून, हात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगितला. फिरक्या दाराची फळी उघडते तसा. डावा हात ७० अंश उघडला. उजवा १५. हे मोजायला गोनिओमीटर वापरतात: कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्यासारखं साधं साधन. शेवटी हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर पोचतो ते पाहिलं. डावा पाठीच्या मध्यापर्यंत, उजवा कमरेच्या कडेलाच अडकला. हुकं का लागत नव्हती, ते त्या दोन अंतरांत दिसलं.

ताकदीलाही आकडे आहेत, शून्य ते पाच. शून्य म्हणजे स्नायूत हालचालीची फडफडसुद्धा नाही, तीन म्हणजे फक्त स्वतःच्या अवयवाचं वजन उचलता येतं, पाच म्हणजे मी पूर्ण जोर लावला तरी टिकतो. हे सगळं मी कागदावर लिहिते आणि कागद रुग्णालाही दाखवते. 'जरा बरं वाटतंय' आणि 'जैसे थे आहे' ही दोन्ही वाक्यं त्या दिवसाच्या मनःस्थितीवर बदलतात. १५ अंश हा आकडा बदलत नाही.

काकूंना झालं होतं ते फ्रोझन शोल्डर. हे नाव १९३४ मध्ये अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन शल्यविशारदाने दिलं. सांध्याभोवती एक सैलसर पिशवी असते. ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. नवा सुती सदरा पहिल्या धुण्यात आटावा आणि काखेत ओढ बसावी, तसं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त दिसतं, बायकांत अधिक, आणि मधुमेह असेल तर धोका बराच वाढतो. आधी दुखण्याचा काळ, मग आखडलेला काळ, मग हळूहळू सैल होण्याचा काळ. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही जाऊ शकतात. हे ऐकून काकूंचा चेहरा उतरला. पण दहा दिवसांचं खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं बरं, असं मला वाटतं. उपचारांनी दुखणं आणि अडचण आधी कमी करता येते, हेही लगेच सांगितलं.

आधी एमआरआय काढून येऊ का?

दरवेळी गरज नसते. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुतेकदा ठीकच दिसतो. निदान हातांनी होतं. कंबरेच्या एमआरआयबद्दल तर एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या, म्हणजे गाद्या, झिजलेल्या दिसल्या. दुखणं शून्य, तरी रिपोर्टात झीज. केस पिकावेत तसं ते आहे. म्हणून 'तुमची गादी सरकलीय' हे वाचून घाबरून अंथरूण धरू नका. रिपोर्ट आणि तुमची तपासणी जुळते का, हे पाहणं हेच पहिल्या भेटीचं काम. अपघात, रेड फ्लॅग, वाढत जाणारा लुळेपणा असेल तर मात्र तपासण्या टाळायच्या नाहीत.

मग शेक का दिला नाही?

काकूंचा हा प्रश्न शेवटपर्यंत डोळ्यांत होता. शेकाला माझा विरोध नाही. शेकाने स्नायू सैलावतात, दुखणं काही वेळ मंदावतं, आणि त्या वेळात व्यायाम सोपा जातो. पण आटलेली पिशवी नुसत्या शेकाने सैल होत नाही. शेक म्हणजे कणीक मळण्याआधी पाणी कोमट करून घेणं. मळायचं काम उरतंच.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते. मी दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत कोमट पाणी, एकीत गार. काकूंना डोळे मिटायला सांगून आळीपाळीने खांद्याला लावल्या. खांद्यावर त्यांनी बरोबर ओळखलं. तळपायाला लावल्या तेव्हा दोनदा चुकल्या. घरी टाचांना गरम पाण्याची पिशवी लावता का विचारलं, तर म्हणाल्या, रोज. ती त्याच दिवशी बंद केली. अशा पायाला भाजतं आणि ते फोड आल्यावरच कळतं. शरीरात पेसमेकर असेल, धातूची सळई किंवा प्लेट बसवलेली असेल, दिवस गेलेले असतील तर कुठलंही मशीन सुरू करण्याआधी, कुणी विचारलं नाही तरी, सांगा. काही मशीन अशा वेळी धोक्याची ठरतात.

दुखेल का?

तपासताना थोडं दुखतं. जिथे दुखतं ते शोधल्याशिवाय गत्यंतर नसतं. पण 'थांबा' म्हणायचा अधिकार पूर्ण तुमचा आहे आणि तो वापरा. घरच्या व्यायामासाठी मी एक साधी खूण देते: करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण ते थोड्या वेळात निवायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त नको. जास्त असेल तर मात्रा कमी करायची. व्यायाम सोडून द्यायचा नाही. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या काळात हिसका देऊन हात वर ओढणं हा अत्याचार आहे. कुणी 'एकदाच झटका देतो, सुटेल' म्हणालं, तर उठून या. हाडं ठिसूळ असलेल्या वयात असा झटका फार महागात पडतो.

लाज वाटते, काय घालून यावं?

जो भाग दुखतो तो उघडा करून बघावा लागतो, एवढंच. खांद्यासाठी बिनबाह्यांचा किंवा सैल, पुढे हुकांचा ब्लाऊज. गुडघ्यासाठी वर सारता येईल अशी सलवार किंवा अर्धी पँट. बाकीचं अंग चादरीने झाकलेलं हवं. बाई फिजिओ हवी असेल तर वेळ घेतानाच सांगा. सोबतचं माणूस आत हवं असेल तर तसंही सांगा. हात लावण्याआधी विचारलं गेलं पाहिजे, प्रत्येक वेळी. तसं विचारलं जात नसेल तर तुम्ही अवघडून गप्प बसायचं कारण नाही.

किती सिटिंग लागतील?

हा प्रश्न तपासणीआधी फोनवर विचारला जातो, आणि काही ठिकाणी त्याचं उत्तरही दिलं जातं: "दहाचं पॅकेज आहे." न बघता दहा कुठून आले? तुम्ही उलट विचारा: महिन्याभरात नेमका काय फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय? ज्याने मोजलंय त्याला याचं उत्तर देता येतं. काकूंना मी सांगितलं, आठवड्यातून दोनदा या, चार आठवड्यांनी पुन्हा मोजू. रात्रीची झोप सुधारली नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे सांध्यातल्या इंजेक्शनबद्दल विचारायला पाठवीन.

तुम्ही ज्यांच्याकडे जाता त्यांचं शिक्षण विचारायलाही संकोच करू नका. फिजिओथेरपीची पदवी काही वर्षांची आहे, काही आठवड्यांची नाही, आणि महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषद आहे. २०२१ साली संसदेने अशा आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून खरा फिजिओथेरपिस्ट रागावत नाही.

यूट्यूबवर बघून घरीच केलं तर?

व्यायाम तिथे चांगलेही असतात. अडचण अशी की खांदा कुठल्या काळात आहे हे व्हिडिओला दिसत नाही. आखडलेल्या काळात जो ताण उपयोगी पडतो, तोच दुखऱ्या काळात सूज वाढवतो. तपासणी एकदा करून घ्या, मग दिलेल्या व्यायामाचा व्हिडिओ खुशाल बघा. मी तर रुग्णाच्याच मोबाइलवर त्याचा व्यायाम चित्रित करून देते.

काकूंना पहिल्या दिवशी दोनच व्यायाम दिले. ओट्याला डाव्या हाताने धरून पुढे वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. या व्यायामाला त्याच कॉडमनचं नाव आहे. दुसरा, उताणं झोपून दोन्ही हातांत लाटणं धरायचं आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला हलकेच बाहेर ढकलायचं. दोन्ही दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. झोपताना उजव्या काखेत घडी केलेली चादर. आठ व्यायामांचा कागद दिला असता तर तो फ्रिजवर चिकटला असता. शिवाय तीन महिन्यांची साखर तपासायची चिठ्ठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून घ्यायला सांगितली.

चार दिवसांनी त्या आल्या. मशीनची खोली विचारली नाही. व्यायाम दोनदाच होतोय म्हणाल्या, दुपारचा राहतो. का, विचारलं तर त्या वेळी नातू शाळेतून येतो, त्याचं जेवण. मग ती तिसरी खेप आम्ही दिवेलागणीनंतर ठेवली, मालिका सुरू व्हायच्या आधी. आणि लाटणं धरून ढकलायचं मोजायला नातवाला बसवायचं ठरलं. त्याला तीसपर्यंत आकडे येतात.